आज लाल किती?

मिस्त्रींना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको.

सतराव्या वर्षी ते बोटीवर वायरमन व्हायला निघाले होते. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं आणि विचारलं, "आकडा कुठला?" मिस्त्रींना नुसते ठिपके दिसले. पान उलटलं, पुन्हा ठिपके. डॉक्टरांनी कागदावर एक शब्द लिहिला आणि म्हणाले, "पुढचा." त्या दिवसापासून मिस्त्रींनी या विषयावर तोंडाला जे कुलूप लावलं, ते लग्नानंतर फक्त बायकोसमोर उघडलं. तेही तिने एकदा विचारलं म्हणून, की पिकलेला टोमॅटो सोडून कच्चाच का आणता दर वेळी?

पुढे ते एका लिफ्ट-दुरुस्तीच्या कंपनीत लागले. तिथे कुणी ठिपके दाखवले नाहीत. पण लिफ्टचं पॅनल उघडलं की आत वायरींचं जंगल, आणि त्यातल्या निम्म्या वायरी मिस्त्रींना एकाच रंगाच्या. चूक झाली तर माणूस जायचा. म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक कडक नियम केला: रंगावर विश्वास ठेवायचाच नाही. प्रत्येक वायर मीटर लावून तपासायची आणि दोन्ही टोकांना नंबराची चिठ्ठी बांधायची. पहिल्या वर्षी बाकीचे मेकॅनिक हसले. "मिस्त्री वायरींचं बारसं करत बसलेत," म्हणायचे. मग त्यांच्या लक्षात आलं, की मिस्त्रींनी बांधलेलं पॅनल दहा वर्षांनी उघडलं तरी डोकं खाजवावं लागत नाही. मालकांनी तो नियम सगळ्यांनाच लावला. मिस्त्रींना लोक शिस्तीचा माणूस म्हणू लागले, आणि त्यांनीही लोकांना तसंच म्हणू दिलं.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं आयुष्य जिने चढण्यात जातं, कारण मशीन-रूम गच्चीवर आणि बंद लिफ्ट काही त्याला वर नेत नाही. सत्तावीस वर्षं जिने चढून मिस्त्रींच्या उजव्या गुडघ्याने हात टेकले. तोवर म्हातारे मालक गेले होते आणि त्यांची मुलगी कारभार बघत होती. सगळे तिला मॅडम म्हणत. तिने मिस्त्रींना ऑफिसात खुर्ची दिली. काम एवढंच, की एकशे त्रेचाळीस लिफ्टपैकी रोज कुठे कुणाला पाठवायचं ते ठरवायचं. सुरुवातीचे काही महिने एक जाडजूड रजिस्टर आणि मिस्त्रींची आठवण यांवर हे छान चाललं.

मग मॅडमनी कॉम्प्युटरवर शीट बनवली.

"काका, हे बघा," त्या उत्साहाने म्हणाल्या. "याला म्हणतात कंडिशनल फॉरमॅटिंग. म्हणजे आपण चौकोनाला अट घालून ठेवायची. शेवटच्या सर्व्हिसिंगला तीस दिवस उलटले की चौकोन आपोआप लाल होणार. पंचवीस ते तीस असेल तर पिवळा. बाकी सगळे हिरवे. मेकॅनिक काम झालं की फोनवरून तारीख टाकतील आणि इथे रंग बदलेल. तुम्ही फक्त बघायचं."

फक्त बघायचं! मिस्त्रींनी बघितलं. पिवळे चौकोन त्यांना ठसठशीत दिसले. उरलेले सगळे शेवाळलेल्या फरशीसारखे, एकापुढे एक, एकाच रंगाचे.

"झकास आहे," ते म्हणाले.

तारखांचा रकाना शेजारी होता तोवर काही अडलं नाही. ते रंगाकडे काणाडोळा करून तारखा वाचत. पण महिन्याभराने मॅडमनी भिंतीवर भलामोठा टीव्ही लावला आणि सगळ्या लिफ्ट एका नजरेत मावाव्यात म्हणून तारखांचा रकाना लपवून टाकला. आता चौकोनात नुसता लिफ्टचा नंबर आणि रंग. रकाना परत कसा उघडायचा हे विचारलं असतं, तर तो कशाला हवा हेही सांगावं लागलं असतं.

मिस्त्रींनी वाट काढली. ऑफिसात फोन घ्यायला एक ताई होत्या. रोज सकाळी चहाचा पहिला घोट झाला की मिस्त्री हाक मारत, "ताई, आज लाल किती?"

"सहा."

"कुठले कुठले? बघू तुमची नजर किती पक्की आहे."

ताई फोन खांद्याला लावूनच भिंतीकडे बघत आणि नंबर सांगत. मिस्त्री ते चिठ्ठीवर उतरवून घेत आणि "बरोबर" म्हणत. चार महिने हे बिनबोभाट चाललं.

मग ताई बहिणीच्या बाळंतपणासाठी दोन आठवडे गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. फोनही मिस्त्रींच्याच टेबलावर आला.

पहिल्या सकाळी ते भिंतीसमोर एकटेच बसले. पण डोकं चालतं होतं. त्यांनी विचार केला, लाल होण्याआधी प्रत्येक चौकोन पाच-सहा दिवस पिवळा होतो आणि पिवळा आपल्याला दिसतो. रोजचे पिवळे लिहून ठेवायचे. एखादा पिवळा गायब झाला, तर एक तर काम झालंय, नाही तर मुदत टळलीय. मेकॅनिकला फोन करून विचारलं की कळलं. ताई गेल्या तेव्हा लाल असलेल्यांची चिठ्ठी खिशात होतीच. आपल्याच युक्तीवर ते इतके खूश झाले, की दुपारी डब्यातली भाजी नावडती असूनही संपवली.

तिसऱ्या दिवशी शहाऐंशी आणि सत्त्याऐंशी हे दोन्ही पिवळे एकदम नाहीसे झाले. दोन्ही लिफ्ट एकाच गल्लीतल्या, समोरासमोरच्या इमारतींतल्या. तो भाग लंबूकडे होता. सहा फूट दोन इंच उंचीमुळे त्याचं खरं नाव ऑफिसात कुणी घेतच नसे.

"लंबू, त्या गल्लीतलं झालं का रे?" मिस्त्रींनी फोनवर विचारलं.

"झालं की, सकाळीच!" लंबू म्हणाला.

मिस्त्रींनी दोन्ही नंबरांवर काट मारली. लंबूने केली होती ती फक्त शहाऐंशी. त्या दिवशी त्याच्या यादीत तेवढीच होती. भिंतीवर सत्त्याऐंशी नंबर नऊ दिवस लालभडक होऊन बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो पाहिला आणि प्रत्येकाला वाटलं, समोर साक्षात मिस्त्री बसलेत म्हणजे त्यांनी कुणाला तरी पाठवलं असेलच.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला इंटरकॉमची घंटा वाजली.

"हॅलो. तुमची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबलीय," एक ठणठणीत बायकी आवाज म्हणाला. "आत मी एकटी आहे. मी घाबरलेली नाही, पण माझ्या पिशवीत अर्धा किलो आइस्क्रीम आहे, त्याची अवस्था वाईट आहे."

"आजी, अजिबात काळजी करू नका..."

"आजी? वय काय तुमचं?"

"एकोणपन्नास."

"मग बाई म्हणा. अजून मला कुणी आजी केलेलं नाही."

"बरं, बाई. दिवा चालू आहे ना? पंखा? छान. दाराला हात लावू नका, ओढून बघू नका. मी माणूस पाठवतोय." त्यांनी दुसऱ्या फोनवर लंबूला गाठलं. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. पस्तीस मिनिटं लागतील म्हणाला. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "सत्त्याऐंशी? पण ती मला दिलीच कुठे होती? तुम्ही गल्लीतलं विचारलंत, मला वाटलं शहाऐंशीचंच."

मिस्त्रींनी समोरच्या कागदावरची आपलीच काट बघितली. मग इंटरकॉम पुन्हा कानाला लावला.

"बाई, दाराजवळ टक-टक असा आवाज येतोय का?"

"येतोय. थांबून थांबून."

"ठीक आहे. दाराच्या कॉन्टॅक्टमध्ये कचरा बसलाय. दार नीट लागलंय याची लिफ्टला खात्री वाटत नाही, म्हणून ती हलत नाही. तुम्ही पूर्ण सुरक्षित आहात. ती जास्तच काळजी घेतेय, एवढंच."

"माझ्या थोरल्या बहिणीसारखी. पण कचरा बसतोच कसा? महिन्याला तुमचा माणूस येतो ना पुसायला?"

"या महिन्यात राहिलं."

"कुणाकडून?"

लंबूकडून, असं म्हणता आलं असतं. तसा कागदोपत्री भाग त्याचाच होता. मिस्त्रींनी ऑफिसभर नजर फिरवली. कुणी नव्हतं.

"माझ्याकडून," ते म्हणाले.

"विसरलात?"

"नाही. दिसलं नाही." आणि मग, का कोण जाणे, पुढचं आपसूक बाहेर पडलं. कधी न पाहिलेल्या, दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या बाईला त्यांनी भिंतीवरचा टीव्ही, लाल-हिरवे चौकोन, ताईंची रजा आणि पिवळ्यांची युक्ती असं सगळं सांगून टाकलं.

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मी पोस्टमास्तर होते," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं. आमच्याकडे टपालाच्या पिशव्या लाल आणि हिरव्या असायच्या. लाल बाहेरगावच्या, हिरव्या गावातल्या. छाटणीला एक जण होता, तो सारखा चुकायचा. सगळे त्याला वेंधळा म्हणायचे. एकदा माझ्यासमोर रडला, तेव्हा कळलं काय ते. मग आम्ही पिशव्यांवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं. गंमत सांगू? त्यानंतर बाकीच्यांच्या चुकाही कमी झाल्या. म्हणजे चुकत सगळेच होते, खापर मात्र त्या एकट्यावर फुटत होतं."

"मग त्याची नोकरी?"

"गेल्या वर्षी निवृत्त झाला. तुम्ही आजवर किती जणांना सांगितलंत?"

"बायकोला. आणि आज तुम्हाला."

"म्हणजे तिसऱ्याला सांगताना तेवढं जड जाणार नाही. बरं, आता दुसरं काहीतरी बोला. इथे अजून वीस मिनिटं काढायचीत."

मिस्त्रींनी त्यांना लिफ्टच्या गोष्टी सांगितल्या. कुठल्या लिफ्टला पावसाळ्यात खोकला होतो, कुठली तिसरा मजला आला की उगाच थबकते. बाई खळखळून हसल्या. लंबू पोचला, त्याने वर जाऊन हाताने लिफ्ट चौथ्या मजल्याला आणली, दार उघडलं, तेव्हा कुठे मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. लंबू मागाहून फोनवर म्हणाला, "भारी आहेत हो बाई. आइस्क्रीमचं पाणी झालं होतं, तर मला पेल्यातून प्यायला दिलं."

संध्याकाळी घरी बायको शिलाई मशीनवर कुणाची तरी पँट आखूड करत होती. शेजारपाजारच्यांचे कपडे बेतून, उसवून, शिवून देणं हा तिचा धंदा. मिस्त्रींनी सगळं सांगितलं तसं तिने पायाखालची पट्टी थांबवली.

"अहो, मग उद्या हे लंबूवर येणार."

"हो. त्याचा भाग आहे ना."

"आणि तुम्ही?"

"मी सांगितलं तर मला त्या खुर्चीवर ठेवतील का? आणि मागचंही काढतील. एवढी वर्षं वायरींशी खेळलो, म्हणतील."

बायकोने तोंडातली टाचणी काढून टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचली. "चोवीस वर्षं मी तुमचे शर्ट निवडते, तुमची फळं निवडते, सिग्नलला हात दाबते. माझी तक्रार नाही. पण हे लपवणं आहे ना, त्याचा मला कंटाळा आलाय. काढलं कामावरून तर काढलं. माझं मशीन चालू आहे. लंबूच्या तोंडाकडे मात्र तुम्हाला रोज बघायचंय."

"त्याच्या तोंडाकडे बघायला मान मोडावी लागते," मिस्त्री म्हणाले. ती हसली, पण डोळे काही तिने त्यांच्यावरून काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या टेबलावर इमारतीचं तक्रारीचं पत्र होतं. समोर लंबू उभा होता, खांदे पाडून, जणू उंचीबद्दल माफी मागत असावा तसा.

"नऊ दिवस लाल होतं," मॅडम म्हणत होत्या. "तुझा भाग, तुझी लिफ्ट. तू काय करत होतास? मला नोटीस द्यावी लागेल."

"मॅडम, मला कुणी..." लंबूने मिस्त्रींकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं.

"त्याची चूक नाही," मिस्त्री दारातूनच म्हणाले. "मला लाल दिसत नाही."

"म्हणजे? लक्ष गेलं नाही?"

"लक्ष होतं. डोळ्यात तेल घालून बघत होतो. मला लाल आणि हिरवं सारखंच दिसतं, मॅडम. जन्मापासून."

मॅडमचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्यांच्या मनात काहीतरी चमकून गेलं आणि त्या पांढऱ्या पडल्या. "काका, तुम्ही सत्तावीस वर्षं पॅनल बांधलीत."

"एकही वायर रंगावरून जोडली नाही. कुठलंही उघडून बघा. मीटर आणि नंबर."

"म्हणून ते नंबर!" मॅडम मागे टेकल्या. "बाबा मला सुट्टीत साइटवर न्यायचे. तुमचं पॅनल उघडून दाखवायचे, म्हणायचे, शिस्त बघ माणसाची."

"शिस्त कसली. भीती होती."

लंबू तोंड उघडं टाकून ऐकत होता. मॅडमना आता राग आला, आणि तो खराच होता. "पण चार महिने, काका? तुम्ही माझ्या टीव्हीसमोर आंधळी कोशिंबीर खेळत होतात? त्या बाईंना दम्याचा त्रास असता तर? एक शब्द सांगायचा होतात मला."

"हो," मिस्त्री म्हणाले.

"आज घरी जा. मला विचार करू दे."

तो दिवस मिस्त्रींनी घरात येरझाऱ्या घालत काढला. बायकोने त्यांना जुन्या बटणांचा डबा निवडायला बसवलं, दोन भोकांची एकीकडे आणि चार भोकांची दुसरीकडे. निदान हे काम तरी निर्धास्त होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता फोन आला. "काका, कुठे आहात? खुर्ची रिकामी आहे."

ऑफिसात मॅडमच्या टेबलावर कागद पसरले होते. त्यांनी शीट साध्या काळ्या शाईत छापून पाहिली होती. कागदावर एकशे त्रेचाळीस राखाडी चौकोन.

"काल मी हे घेऊन तासभर बसले," त्या म्हणाल्या. "मलाही एक कळेना. मग मेकॅनिकांना विचारलं. लंबू म्हणतो, उन्हात फोनवर रंग दिसतच नाहीत, तो अंदाजाने जातो. एकाच्या फोनची काच फुटलीय, त्याला सगळंच जांभळं दिसतं. कुणी मला बोललं नाही. मी इतक्या हौसेने केलं होतं ना, म्हणून." त्यांनी एक खुर्ची ओढली. "बसा. तुम्हाला कसं हवंय ते सांगा. नुसतं सांगू नका, स्वतः करा."

तोवर रजा संपवून ताई परतल्या होत्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणून रोज लाल किती विचारायचात होय! मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी घरून येताना मनात उजळणी करून यायचे."

तो आठवडा मिस्त्री शाळेत बसल्यासारखे बसले. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला चहा. आधी तारखांचा रकाना उघडला. मग जुन्या तिन्ही अटी काढून नव्या घातल्या. मुदत टळली की गडद निळा चौकोन, त्यात पांढरी जाड अक्षरं आणि शेजारी 'आज' हा शब्द. मुदत जवळ आली की पिवळा आणि एक त्रिकोण. बाकी सगळे पांढरे, गप्प.

पहिल्या फटक्यात सगळी शीट निळी झाली. एकशे त्रेचाळीस वेळा 'आज'. लंबू दारातूनच ओरडला, "मिस्त्री, मी राजीनामा देऊ का?" ताईंनी शोधून काढलं, की वरच्या नंबरावरची अट सगळ्यांना गिळतेय. अटींचाही क्रम असतो, जी वर तिचं आधी चालतं. क्रम बदलल्यावर बरंच निवळलं, पण नुकत्याच घेतलेल्या तीन लिफ्ट तरी निळ्याच राहिल्या. त्यांच्यापुढे तारीखच टाकलेली नव्हती आणि रिकाम्या चौकोनाला शीट फार फार जुनी तारीख समजत होती. मग रिकाम्यासाठी वेगळी अट घातली: चौकोनावर तिरप्या रेघा आणि 'विचारा' हा शब्द. "हे बरं आहे," मिस्त्री म्हणाले. "माहीत नसेल तर विचारा. मला कुणी आधी शिकवलं असतं तर बरं झालं असतं."

आणि मग, शुक्रवारी, शीटकडे बघता बघता त्यांना जे खुपत होतं ते सापडलं.

"मॅडम, सगळ्यांना तीस दिवस का?"

"नियम आहे, काका. महिन्याला एकदा."

"हो, पण ही सात नंबरची बघा. शाळेतली. दिवसाला चारशे फेऱ्या मारते. आणि ही एकेचाळीस, दातांच्या दवाखान्यातली, वीस फेऱ्या मारून दिवसभर झोपते. एकीची झीज दुसरीच्या वीसपट. दोघींना एकच अट कशी?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला सगळ्यांच्या फेऱ्या माहीत आहेत?"

"फेऱ्या माहीत आहेत, वय माहीत आहे, कुणाला कशाचं दुखणं आहे तेही माहीत आहे. सत्तावीस वर्षं दुसरं केलं काय मी?"

दोन नवे रकाने आले. फेऱ्या आणि वय. मिस्त्री डोळे मिटून एकेक लिफ्ट आठवत आणि ताई टाइप करत. महिन्याचा नियम कुणासाठीच सैल करायचा नव्हता, पण जास्त राबणाऱ्या आणि म्हाताऱ्या लिफ्टना मुदत आधी यावी असं सूत्र मॅडमनी बांधलं. पहिली दोन त्यांनी लिहून दाखवली. तिसरं मिस्त्रींनी लिहिलं. एक कंस विसरले, शीट रुसली, कंस घातला, मानली. खुर्चीवर बसून कामाचा असा आनंद मिळू शकतो हे त्यांना वर्षभरात प्रथमच कळलं.

सोमवारी सकाळी भिंतीवर नवी शीट लागली. मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला आणि कुणालाही न विचारता वाचलं: आठ निळे. त्यांत बावन्न नंबर होता, कापडबाजारातल्या एका जुन्या इमारतीतला.

"बावन्न?" लंबू कुरकुरला. "सोळाच दिवसांपूर्वी गेलो होतो की मी. जुन्या शीटवर हिरवीगार दिसली असती."

"बावीस वर्षांची आहे, आणि दिवसभर कापडाचे गठ्ठे वाहते. जा तर खरं."

बाराच्या सुमाराला लंबूचा फोन आला. आवाजात कुरकुर नव्हती. "मिस्त्री, ब्रेकचं अस्तर नखाएवढं उरलंय. सोळा दिवसांत एवढं खाल्लंय तिने. महिना भरेपर्यंत थांबलो असतो तर... बंद करून ठेवलीय. नवीन अस्तर पाठवा."

मिस्त्रींनी फोन ठेवला. मग उठून मॅडमना सांगायला गेले.

मॅडमनी त्याच आठवड्यात सूचनाफलकावर एक कागद लावला. मजकूर त्यांचा, एक ओळ मिस्त्रींची. कुणाला कामात काही दिसायला, ऐकायला, उचलायला अडचण असेल तर येऊन सांगा, काम काढून घेतलं जाणार नाही, कामाची पद्धत बदलू. खाली मिस्त्रींनी जोडलं होतं: मी उशीर केला, तुम्ही करू नका.

दोन दिवस कागदाखाली उभं राहून सगळे वाचत होते आणि थट्टा करत होते. लंबूने दारांच्या चौकटी उंच करून मागितल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असताना, दोरवाले आत आले. लिफ्टचे पोलादी दोर बदलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वयाने मिस्त्रींहून चार वर्षांनी मोठे, अबोल. लोक त्यांना शिष्ट समजत, कारण हाक मारली तरी पुष्कळदा ते वळून बघत नसत.

ते येऊन उभे राहिले, टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. वरून कुणी 'थांबव' म्हणालं, तर मी त्याच्या ओठांकडे बघून थांबतो."

मिस्त्री उठले, दुखऱ्या गुडघ्यावर जरा झोकांडून टेबलाला वळसा घातला, आपली खुर्ची उचलून दोरवाल्यांच्या डाव्या बाजूला आणून ठेवली आणि बसले.

"हं," ते म्हणाले. "आता सांगा. सगळं सांगा."